आटे आणि मळसूत्र : बहुआरंभी आट्यांच्या संगणकीय प्रतिकृतींची चिकित्सा

गोषवारा

संगणक-साहाय्यित आरेखनात, म्हणजे कॅडमध्ये, स्क्रूचे आटे दाखविण्याच्या अनेक पद्धती रूढ आहेत. एकआरंभी आट्यांच्या बाबतीत या पद्धतींतील उणिवा सहसा झाकल्या जातात; बहुआरंभी आट्यांच्या बाबतीत त्या उघड्या पडतात. प्रस्तुत लेखात ४० मिलिमीटर व्यासाच्या द्विआरंभी समलंबी आट्याचे उदाहरण घेऊन सांकेतिक चित्रण, स्वीप पद्धती, सॉफ्टवेअरमधील तयार आज्ञा आणि आडव्या छेदाला पीळ देण्याची पद्धती या चार मार्गांची चिकित्सा केली आहे. प्रतिकृती डोळ्यांना बरोबर दिसणे आणि तिने यंत्रभागाचे कार्य बरोबर सांगणे या दोन स्वतंत्र कसोट्या असून आट्यांच्या प्रतिकृतीचे मूल्यमापन दुसऱ्या कसोटीवर व्हावे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : बहुआरंभी आटे, मळसूत्र, पिच, लीड, कॅड, समलंबी आटे, स्वयंरोध.

१. प्रस्तावना

यंत्रशाळेत बाकावर बसविलेला व्हाइस आणि पत्रा कापण्यासाठी किंवा ठोकण्यासाठी वापरला जाणारा फ्लाय प्रेस ही दोन्ही साधने स्क्रूवर चालतात. व्हाइसचे जबडे मिटविण्यासाठी दांडा पुनःपुन्हा फिरवावा लागतो आणि हात काढून घेतला तरी पकड ढिली होत नाही. फ्लाय प्रेसचा दांडा मात्र एका फेऱ्याच्या काही अंशातच वरचा ठोकळा खाली आणतो आणि ठोका बसल्यावर तितक्याच सहजपणे उलटा फिरतो. दोन्ही साधनांत स्क्रू आणि नट असूनही वर्तनात हा विरोध दिसतो, याचे मुख्य कारण आट्यांच्या आरंभांच्या संख्येत आहे. व्हाइसच्या स्क्रूवर एकच आटा दंडाभोवती सलग फिरत जातो. फ्लाय प्रेसच्या स्क्रूवर दोन, तीन किंवा अधिक आटे शेजारीशेजारी चढत जातात.

हा फरक कारागिराच्या हाताला पहिल्याच फेऱ्यात कळतो. संगणकाच्या पडद्यावर तो कळेलच असे नाही. कॅड सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेल्या दोन स्क्रूंच्या प्रतिकृती बाजूने पाहिल्या असता जवळजवळ सारख्या दिसू शकतात आणि तरीही त्यांपैकी एक भार धरून ठेवणारी, तर दुसरी भार सोडून देणारी असू शकते. अभियांत्रिकी शिक्षणात आरेखनफलकाची जागा संगणकाने घेतल्यानंतर आटे काढणे सोपे झाले आहे. आटे समजणे तितकेच सोपे झाले आहे काय, हा प्रश्न मात्र उरतो. बहुआरंभी आटे हा या प्रश्नाची तपासणी करण्यास अत्यंत योग्य विषय आहे.

२. संज्ञांची उकल

मराठीत या विषयासाठी दोन जुने शब्द उपलब्ध आहेत : आटे आणि मळसूत्र. व्यवहारात त्यांचा वापर पुष्कळदा एकाच अर्थाने होतो. तथापि त्यांच्यात एक उपयुक्त भेद करता येतो. दंडाच्या बाजूने पाहिले असता एकामागोमाग एक दिसणारे उंचवटे व खाचा म्हणजे आटे. आणि तो उंचवटा दंडाभोवती फिरत ज्या वक्ररेषेने पुढे सरकतो ती रेषा म्हणजे मळसूत्र. आटे डोळ्यांना दिसतात व पट्टीने मोजता येतात. मळसूत्र दिसत नाही. बोटाने आट्याचा माग काढत गेल्यावरच ते हाती लागते.

दोन शेजारच्या आट्यांमधील अक्षाला समांतर असलेले अंतर म्हणजे पिच. एका पूर्ण फेऱ्यात नट अक्षाच्या दिशेने जितका सरकतो ते अंतर म्हणजे लीड. पिच हे आट्यांचे माप आहे, तर लीड हे मळसूत्राचे. स्क्रूवर एकच मळसूत्र असेल तर दोन्ही मापे समान असतात. मळसूत्रे दोन असतील तर लीड पिचच्या दुप्पट, तीन असतील तर तिप्पट होते. थोडक्यात, पिचला आरंभांच्या संख्येने गुणले असता लीड मिळते.

मानकांतील लेखनपद्धती हा भेद काटेकोरपणे जपते. आयएसओच्या मेट्रिक समलंबी आट्यांच्या पद्धतीत एकआरंभी आटा 'टीआर ४० × ७' असा लिहिला जातो. त्याच पिचचा द्विआरंभी आटा 'टीआर ४० × १४ पी ७' असा लिहिला जातो. गुणाकाराच्या चिन्हानंतरचा अंक येथे लक्षपूर्वक वाचला पाहिजे. पहिल्या उदाहरणातील ७ हा अंक पिच म्हणून वाचला काय आणि लीड म्हणून वाचला काय, अर्थात फरक पडत नाही. दुसऱ्या उदाहरणात त्याच स्थानावर लीड येते आणि पिच वेगळ्या अक्षरासह नोंदवावी लागते. एकआरंभी आट्यांत एकाच अंकात दोन अर्थ सुखाने नांदतात आणि म्हणून ते दोन आहेत याचे भान राहत नाही. बहुआरंभी आट्यांच्या बहुतेक संगणकीय चुकांचे मूळ या हरवलेल्या भानात आहे.

३. बहुआरंभी आट्यांचे प्रयोजन

प्रतिकृतींची चिकित्सा करण्यापूर्वी अशा आट्यांची गरज का भासते, हे पाहणे आवश्यक आहे. ४० मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूने एका फेऱ्यात नट १४ मिलिमीटर पुढे न्यावा, अशी अपेक्षा आहे असे समजू. हे दोन प्रकारे साधता येईल. पहिला प्रकार म्हणजे १४ मिलिमीटर पिचचा एकच मोठा आटा कापणे. समलंबी आट्यांच्या नियमानुसार अशा आट्याची खोली ८ मिलिमीटर येते; म्हणजे दोन्ही बाजूंनी १६ मिलिमीटर वजा होऊन दंडाचा गाभा २४ मिलिमीटरचा उरतो. दुसरा प्रकार म्हणजे ७ मिलिमीटर पिचचे दोन आटे शेजारीशेजारी कापणे. येथे खोली ४ मिलिमीटर असल्याने गाभा ३२ मिलिमीटरचा राहतो. दोन्ही स्क्रूंमध्ये नटाची गती सारखीच. परंतु पहिल्याच्या गाभ्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या सुमारे ५६ टक्केच आहे. दंड दुबळा न करता गती वाढविणे, हे बहुआरंभी आट्यांचे पहिले प्रयोजन होय.

दुसरा परिणाम चढणकोनाशी निगडित आहे. मळसूत्र उलगडून सपाट केले असता ते एका चढाचे रूप घेते. या चढाची उंची म्हणजे लीड आणि पाया म्हणजे सरासरी परिघ. प्रस्तुत उदाहरणात पिच-व्यास ३६.५ मिलिमीटर आहे. त्यावरून एकआरंभी आट्याचा चढणकोन सुमारे ३.५ अंश, द्विआरंभीचा ७ अंश, त्रिआरंभीचा १०.४ अंश आणि चतुरारंभीचा १३.७ अंश येतो. घर्षणांक ०.१२ धरला, तर समलंबी आट्याच्या तिरक्या बाजूंमुळे परिणामी घर्षणकोन सुमारे ७.१ अंश होतो. चढणकोन घर्षणकोनापेक्षा लहान असेल तोवर स्क्रू स्वयंरोधी राहतो, म्हणजे भार त्याला आपोआप उलटा फिरवू शकत नाही. या गणितानुसार एकआरंभी स्क्रू निःशंकपणे स्वयंरोधी आहे, द्विआरंभी स्क्रू अगदी सीमेवर आहे, आणि त्रिआरंभी स्क्रू भाराखाली उलटा फिरेल. याच घर्षणांकाला भार उचलतानाची कार्यक्षमता अनुक्रमे सुमारे ३३, ४९, ५८ आणि ६४ टक्के येते. म्हणजे आरंभ वाढविल्याने श्रम वाचतात आणि त्याच वेळी भार धरून ठेवण्याची हमी जाते.

सीमेवरचा द्विआरंभी स्क्रू येथे विशेष विचारणीय आहे. वंगण थोडे अधिक पडले किंवा यंत्राला कंप बसला, तर घर्षणांक उतरतो आणि स्वयंरोध संपतो. ज्या उचलयंत्राखाली माणूस काम करतो, त्याच्या आरेखनात आरंभांची संख्या एक की दोन हा तपशील जीवितसुरक्षेचा असतो. प्रतिकृतीत तो तपशील कोठे आणि कसा नोंदविला जातो, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

४. चार पद्धतींची चिकित्सा

४.१ सांकेतिक चित्रण

आट्यांचे उंचवटे प्रत्यक्ष न काढता ते खुणेने दाखविण्याची परंपरा संगणकापूर्वीची आहे. आयएसओ ६४१० या मानकाने ती निश्चित केली. माथ्याची रेषा जाड, तळाची रेषा बारीक आणि टोकाकडून पाहिल्यास बारीक रेषेचे सुमारे पाऊण वर्तुळ, एवढ्यावर काम भागते. कॅडमध्ये हीच कल्पना 'कॉस्मेटिक थ्रेड' या नावाने आली. साध्या दंडगोलावर आट्याची खूण आणि सोबत पदनामाची नोंद, असे तिचे स्वरूप असते.

या पद्धतीचा गुण असा की ती कोणताही आव आणत नाही. आटे येथे आहेत असे ती सांगते. ते कसे आहेत हे पदनामावर सोपविते. दोषही याच ठिकाणी आहे. एकआरंभी आणि चतुरारंभी आट्यांची खूण अगदी सारखीच असल्याने सर्व अर्थ त्या एका ओळीच्या नोंदीत एकवटतो. नोंद गळली तर अर्थ गळला. तटस्थ स्वरूपाच्या फाइलमधून प्रतिकृती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना सामान्यतः भूमिती पोहोचते आणि अशा खुणा मागे राहतात. घेणाऱ्याच्या हाती साधा गुळगुळीत दंड पडतो. तरीही या पद्धतीला कमी लेखणे योग्य नव्हे. गुळगुळीत दंड पाहून घेणारा निदान विचारणा करतो. चुकीचे आटे पाहून तो विचारणा करीत नाही.

४.२ मळसूत्रावर छेदाकृती सरकविणे

प्रत्यक्ष आटे काढण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धती म्हणजे मळसूत्र आखून त्यावरून खाचेची छेदाकृती सरकविणे आणि दंडातून तेवढा भाग वजा करणे. ऑटोकॅडमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून मळसूत्राची व स्वीपची आज्ञा उपलब्ध झाली. अन्य घन-प्रतिकृती सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. बहुआरंभी आट्यांसाठी एक खाच कापून तिच्या प्रती वर्तुळाकार आवृत्तीने समान कोनांवर काढल्या जातात : दोन आरंभांसाठी १८० अंशांवर, तीनसाठी १२० अंशांवर.

मळसूत्र आखताना सॉफ्टवेअर एका फेऱ्यातील अंतर विचारते आणि त्या रकान्याला बहुधा 'पिच' असे नाव असते. वक्ररेषेपुरते हे नाव बरोबर आहे, कारण एकट्या वक्ररेषेला आरंभांची संख्या नसते. आट्यांच्या परिभाषेत मात्र हे अंतर म्हणजे लीड. एकाच शब्दाच्या या दोन वापरांमुळे चार प्रकारच्या चुका संभवतात.

पहिली चूक : रकान्यात १४ ऐवजी ७ भरून खाचेची दुसरी प्रत १८० अंशांवर काढली जाते. दुसरी खाच पहिल्या आट्याच्या माथ्यावरूनच जाते, माथे नाहीसे होतात आणि आटे पिच-व्यासाच्या पातळीवर टोकदार होऊन संपतात. ही चूक लगेच दिसते. दुसरी चूक : १४ हे अंतर बरोबर भरले जाते, पण प्रत काढण्याचे राहून जाते. खाचांमध्ये रुंद पट्टा उरतो. हीसुद्धा लपत नाही. तिसरी चूक : ७ हे अंतर भरून एकच खाच कापली जाते. निर्दोष दिसणारा एकआरंभी आटा तयार होतो. गाभा बरोबर, खोली बरोबर. नटाची गती मात्र अपेक्षेच्या निम्मी. चौथी चूक : अंतर १४ भरले जाते आणि छेदाकृतीही १४ पिचची घेतली जाते. हा आटाही निर्दोष दिसतो. नटाची गती बरोबर. गाभा मात्र ३२ ऐवजी २४ मिलिमीटर.

पहिल्या दोन चुका कुरूप असल्यामुळे निरुपद्रवी आहेत. शेवटच्या दोन सुरूप असल्यामुळे घातक आहेत. प्रतिकृतीचे मूल्यमापन दर्शनावर आधारले, तर ते नेमके निरुपद्रवी चुका पकडते आणि घातक चुका सोडून देते. प्रस्तुत चिकित्सेतील हा मध्यवर्ती मुद्दा आहे.

याखेरीज आणखी एक सूक्ष्म दोष या पद्धतीत शिरू शकतो. मानकात दिलेली आट्याची छेदाकृती अक्षातून जाणाऱ्या प्रतलातील असते. स्वीप करताना ती मळसूत्राला लंब अशा प्रतलात ठेवली गेली, तर अक्षाच्या दिशेने खाच रुंद होते. एकआरंभी आट्यात ही वाढ सुमारे ०.२ टक्के, म्हणजे ३.५ मिलिमीटर रुंदीच्या खाचेत एका मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही भरत नाही. चतुरारंभी आट्यात चढणकोन १३.७ अंश असल्याने हीच वाढ सुमारे २.९ टक्के, म्हणजे ०.१ मिलिमीटर होते. स्क्रू आणि नट यांच्यातील ढिलाईचा विचार करता हे अंतर दुर्लक्षणीय नाही. एकआरंभी आट्यांच्या सरावातून आलेली सवय बहुआरंभी आट्यांत कशी अंगाशी येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४.३ तयार आज्ञा

सॉलिडवर्क्समध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून आटे काढण्याची स्वतंत्र आज्ञा आली. मळसूत्र, छेदाकृती आणि स्वीप यांची वेगवेगळी कृती तिने एकत्र केली. या आज्ञेत बहुआरंभी आट्यांचा पर्यायही आहे. तथापि आरंभांची संख्या दिल्याने सॉफ्टवेअर आपण होऊन लीड काढीत नाही. दर फेऱ्याचे अंतर इतके असले पाहिजे की वाढीव मळसूत्रे एकमेकांना छेदणार नाहीत, ही जबाबदारी वापरणाऱ्यावरच राहते. म्हणजे पिचच्या नावाखाली लीडच द्यावी लागते.

या आज्ञेने कष्ट वाचतात, हे नाकारता येत नाही. आक्षेप कष्टांबद्दल नसून संज्ञेबद्दल आहे. मानकाने ज्या दोन राशी दोन वेगळ्या अक्षरांनी लिहिल्या, त्यांना एकाच रकान्यात बसविल्यास वापरणारा राशी शिकत नाही. कोणत्या रकान्यात कोणता अंक टाकला असता चित्र बिघडत नाही, एवढेच शिकतो. पिच, लीड आणि आरंभसंख्या या तीन राशींपैकी कोणत्याही दोन विचारून तिसरी स्वतः दाखविणारा रकाना ही फार मोठी मागणी नव्हे.

४.४ आडव्या छेदाला पीळ देणे

चौथा मार्ग वेगळ्या दिशेने जातो. स्क्रू अक्षाला लंब कापला असता जो आडवा छेद मिळतो तो संपूर्ण लांबीभर सारखाच असतो. फक्त पुढे सरकताना तो फिरत जातो. म्हणून तो छेद काढून त्याला पीळ देत लांबविले की स्क्रू तयार होतो. ओपनएससीएडी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आकृती लांबविण्याच्या आज्ञेतच पीळ देण्याची सोय आहे.

बहुआरंभी आट्यांच्या दृष्टीने ही पद्धती सर्वांत बोधप्रद आहे, कारण आरंभांची संख्या तिच्यात प्रथमदर्शनीच समोर येते. एकआरंभी आट्याचा आडवा छेद एका अंगाला फुगलेला असतो. द्विआरंभीचा दोन समोरासमोरच्या अंगांना लांबट. त्रिआरंभीचा तीन पाकळ्यांचा. पाकळ्या मोजल्या की आरंभ मोजले गेले. पीळ ३६० अंशांचा द्यायचा तर लांबी किती, या प्रश्नाचे उत्तर लीड हेच असल्याने पिच आणि लीड यांची सरमिसळ होण्यास वावच राहत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अक्षीय प्रतलातील समलंबी छेदाकृतीवरून आडवा छेद गणिताने काढावा लागतो. अंदाजाने काढलेल्या पाकळ्यांमुळे आट्यांच्या बाजू चुकतात. शिवाय पृष्ठभाग लहान सपाट तुकड्यांनी बनतो. या दुसऱ्या मर्यादेचे मात्र अवडंबर नको. कॅडमध्ये वापरल्या जाणाऱ्या परिमेय बहुपदी वक्रांनाही खरे मळसूत्र तंतोतंत दाखविता येत नाही. गुळगुळीत दिसणारा आटाही ठरावीक मर्यादेतील सन्निकटनच असतो.

५. प्रतिकृती न वाचणारी यंत्रे

आटे प्रत्यक्ष काढले म्हणजे पुढील सर्व टप्प्यांना खरी माहिती मिळेल, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे.

जुळणीच्या प्रतिकृतीत स्क्रू आणि नट यांचा संबंध जोडताना सॉलिडवर्क्समधील 'स्क्रू मेट' दर फेऱ्यामागील अंतर वापरणाऱ्याकडूनच मागते. आट्यांच्या भूमितीवरून ते ठरत नाही. त्यामुळे एकआरंभी आट्याची प्रतिकृतीही पडद्यावर १४ मिलिमीटरची चाल दाखवू शकते आणि पाहणाऱ्याची खात्री पटवू शकते. या हालचालीत आट्यांचे पदार्थ एकमेकांत घुसतात काय, हे स्वतंत्रपणे तपासले तरच विसंगती लक्षात येते.

निर्मितीच्या टप्प्यावरही हेच घडते. सीएनसी लेथवर आटे कापण्याच्या आज्ञेत दर फेऱ्यामागील सरक म्हणून लीड द्यावी लागते. दुसऱ्या मळसूत्राचा आरंभ एकतर प्रारंभकोन बदलून किंवा हत्याराचे आरंभस्थान अक्षाच्या दिशेने एका पिचइतके सरकवून साधला जातो. जुन्या लेथवर काम करणारा कारागीरही याच दोन युक्त्या वापरीत असे. दोन्ही वेळी यंत्राला हवी असते ती तीन अंकांची आणि छेदाकृतीची माहिती; पडद्यावरचे हजारो लहान पृष्ठभाग त्याच्या उपयोगाचे नसतात.

त्रिमितीय मुद्रकांच्या प्रसारानंतर ही बाब सामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोहोचली. या मुद्रकांत उभ्या हालचालीसाठी ८ मिलिमीटर व्यासाचा चतुरारंभी स्क्रू मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याची पिच २ मिलिमीटर आणि लीड ८ मिलिमीटर असते. एका फेऱ्यात २०० पावले टाकणारी मोटार प्रत्येक पावलाचे १६ भाग करून चालविली, तर एका फेऱ्याला ३२०० सूक्ष्मपावले होतात. लीड ८ असल्याने एका मिलिमीटरला ४०० सूक्ष्मपावले पुरेशी आहेत. पट्टीने आट्यांमधील अंतर मोजून २ हाच अंक धरला, तर १६०० हे उत्तर येते आणि एका मिलिमीटरच्या आज्ञेला यंत्र चार मिलिमीटर सरकते. आटे मोजले गेले. मळसूत्रे मोजण्याचे राहून गेले.

६. छेदाची साक्ष

प्रतिकृतीची सत्यता पडताळण्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. तीन साध्या परीक्षा पुरेशा आहेत.

पहिली, टोकाकडून पाहून खाचांचे आरंभ मोजणे किंवा अक्षाला लंब छेद घेऊन पाकळ्या मोजणे. दुसरी, एका माथ्यावर बिंदू घेऊन त्याच माथ्यावरून एक पूर्ण फेरा मारणे आणि दोन स्थानांमधील अंतर मोजणे; हे अंतर लीडइतके आले पाहिजे. तिसरी, अक्षातून जाणारा छेद घेऊन वरची व खालची बाजू ताडून पाहणे. अर्ध्या फेऱ्यात आटा निम्म्या लीडइतका सरकतो. आरंभांची संख्या विषम असेल तर एका बाजूच्या माथ्यासमोर दुसऱ्या बाजूला तळ येतो. सम असेल तर माथ्यासमोर माथाच येतो. टीआर ४० × १४ पी ७ म्हणून सादर केलेल्या प्रतिकृतीत माथ्यासमोर तळ दिसला, तर ती प्रतिकृती द्विआरंभी नाही, हे कोणतेही मोजमाप न घेता सांगता येते. तिसऱ्या परीक्षेने आरंभसंख्येची समविषमता तेवढी कळते, म्हणून ती पहिल्या परीक्षेच्या जोडीने वापरावी. या छेदातच गाभ्याचा व्यासही मोजून घेतला, तर चौथ्या प्रकारची घातक चूकही लपत नाही.

या परीक्षांचे शैक्षणिक मूल्य त्यांच्या अचूकतेइतकेच महत्त्वाचे आहे. त्या करण्यासाठी आट्यांमागील मळसूत्राचा विचार करावाच लागतो.

७. संभाव्य आक्षेप

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की उद्योगात आट्यांची प्रत्यक्ष प्रतिकृती क्वचितच लागते, पदनाम पुरते, मग एवढी चिकित्सा कशासाठी? हा आक्षेप अर्धा खरा आहे. बाजारात मिळणाऱ्या बोल्टच्या प्रतिकृतीत प्रत्यक्ष आटे काढणे बहुधा निरर्थक ओझे असते. परंतु साच्यातून निघणारी झाकणे, मुद्रित होणारे भाग आणि आट्यांच्या स्पर्शाचे ताणविश्लेषण यांत प्रत्यक्ष भूमिती अपरिहार्य आहे. बरण्यांची आणि लेखण्यांची झाकणे थोड्या फेऱ्यात बसावीत म्हणून तेथे बहुआरंभी आटेच योजले जातात. जेथे भूमिती खरोखर लागते, तेथे ती चुकण्याचा संभवही अधिक आहे.

दुसरा आक्षेप असा की चुका वापरणाऱ्याच्या असतात, सॉफ्टवेअरच्या नव्हेत. आज्ञेने जे मागितले ते सॉफ्टवेअरने दिले, हे खरेच आहे. तथापि साधनाची परिभाषा वापरणाऱ्याच्या विचाराला वळण लावते. ज्या साधनात दोन राशींना एकच नाव असते, ते साधन चूक करीत नसले तरी चुकीला वाट करून देते. दोषाची ही विभागणी मान्य केली तर उपायाचीही विभागणी होते : सॉफ्टवेअरने संज्ञा सुधाराव्यात आणि अध्यापनाने साधनाच्या संज्ञांवर विसंबून राहू नये.

८. निष्कर्ष

वरील चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) बहुआरंभी आट्यांच्या प्रतिकृतीत पिच, लीड आणि आरंभसंख्या या तिन्ही राशींची स्पष्ट नोंद असावी. आटे प्रत्यक्ष काढले आहेत म्हणून ही नोंद टाळता येत नाही.

(२) दर्शनावर आधारलेले मूल्यमापन कुरूप चुका पकडते आणि सुरूप चुका मान्य करते. आट्यांच्या प्रतिकृतीचे परीक्षण आडव्या व अक्षीय छेदावरून व्हावे.

(३) छेदाकृती अक्षीय प्रतलात ठेवण्याचा नियम एकआरंभी आट्यांत सैल झाला तरी निभावते. चढणकोन वाढताच तो काटेकोरपणे पाळावा लागतो.

(४) स्वयंरोधाचा निर्णय चढणकोन आणि घर्षण यांवर अवलंबून असल्याने आरंभसंख्येतील चूक ही केवळ आरेखनाची चूक मानता येत नाही. ती सुरक्षेची चूक आहे.

(५) अध्यापनात सांकेतिक चित्रण, पीळ दिलेला आडवा छेद आणि प्रत्यक्ष स्क्रू यांचा एकत्र उपयोग करावा. फ्लाय प्रेस आणि व्हाइस शेजारीशेजारी ठेवून विद्यार्थ्याला दोन्ही दांडे फिरवू दिल्यास पिच आणि लीड यांतील भेद त्याच्या हाताला कळेल. त्यानंतर पडद्यावरील रकान्यात कोणता अंक भरावा, हे त्याला सांगावे लागणार नाही.

आटे डोळ्यांसाठी असतात आणि मळसूत्र कार्यासाठी असते. कॅडने पहिल्याचे चित्रण अतिशय सुलभ केले आहे. दुसऱ्याचे आकलन हे आजही शिक्षकाचे आणि आरेखकाचेच काम आहे.